अर्धवट गेम, पुरते पैसे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कोल्हापूरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एका डिजिटल मंचावरून वसाहत उभारणीचा एक गेम घेतला. तो ‘अर्ली अ‍ॅक्सेस’मध्ये, म्हणजे अपूर्ण अवस्थेत विक्रीला आहे, हे मला ठाऊक होते, परंतु त्याच्या पानावर धरणे, बाजारपेठ आणि चौघांनी मिळून खेळण्याची सोय ‘लवकरच’ येणार असे चित्रांसह लिहिले होते. मी एकतीस तास खेळलो. पुढे आठ महिने एकही अपडेट आला नाही, निर्मात्यांकडून उत्तर येत नाही, आणि पैसे परत मिळावेत म्हणून केलेला अर्ज दोनदा फेटाळला गेला. ही फसवणूक नव्हे काय?

उत्तर : आपला राग रास्त आहे, तरीही पैसे परत मिळण्याची आशा फारशी धरू नये, हे आरंभीच सांगून टाकतो. मंचाचे नाव आपण कळवलेले नाही, म्हणून पीसीवरील गेमच्या विक्रीत सर्वांत मोठ्या असलेल्या स्टीमचे नियम आधाराला घेतो. तेथे जून २०१५ पासून, खरेदीला चौदा दिवस उलटलेले नसतील आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असेल, तर पैसे परत मिळतात. गेम पुरा असो वा अपुरा, घड्याळ एकच आहे, आणि गेम पुरा होण्याची वाट ते पाहत नाही. या मर्यादेबाहेरचे अर्जही करता येतात, पण ते मान्य करणे मंचाच्या मर्जीवर असते, आणि एकतीस तास खेळून झालेल्या गेमच्या बाबतीत ती मर्जी सहसा होत नाही.

फसवणुकीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. स्टीमवर अर्ली अ‍ॅक्सेसमधील प्रत्येक गेमच्या पानावर, खरेदीच्या बटणाच्या वरच्या बाजूला, एक चौकट असते. हा गेम अपूर्ण आहे, तो पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, आणि आज आहे त्या अवस्थेत तो खेळावासा वाटत नसेल तर थांबावे, अशा अर्थाची सूचना तिच्यात दिलेली असते. बांधकाम चालू असताना सदनिका नोंदवणाऱ्याच्या हातात निदान करारनामा असतो, त्यात ताब्याची तारीख असते आणि ती उलटून गेली तर महारेराकडे दाद मागता येते. येथे मात्र तारखेचे बंधन नाही आणि किती खोल्या बांधून होतील याचेही नाही. आपण पैसे मोजले ते त्या दिवशी उभ्या असलेल्या भिंतींचे. धरणे आणि बाजारपेठ त्या व्यवहारात नव्हतीच. त्यांच्यावरून आज भांडणे म्हणजे बाजारात तुरी असताना घरात तंटा करण्यासारखे आहे.

तथापि निर्मात्यांनाही मोकळे रान नाही. भविष्याबद्दल ठोस वचने देऊ नयेत, आणि विक्री जेमतेम झाली तर काम पुढे नेण्याची ऐपत नसेल, तर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये येऊच नये, असे स्टीमने निर्मात्यांसाठी लिहून ठेवले आहे. आपण सांगता तशी चित्रे त्या पानावर असतील, तर ती या सूचनांच्या विरोधात जातात आणि त्या पानाची तक्रार मंचाकडे अवश्य करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येते. परंतु एका गेमच्या किमतीसाठी परदेशातल्या कंपनीमागे लागण्यात त्या किमतीहून अधिक खर्च टपाल, झेरॉक्स आणि एसटीच्या तिकिटांवरच होईल. त्यापेक्षा शेवटच्या अपडेटची तारीख घालून, न चिडता, चार ओळींचा अभिप्राय त्या पानावर लिहावा. पुढचा ग्राहक तो वाचतो.

निर्मात्याचे नाव मोठे असले म्हणजे असे घडत नाही, ही समजूत मात्र सोडून द्यावी. स्टीमने २० मार्च २०१३ रोजी अर्ली अ‍ॅक्सेस सुरू केले तेव्हा तेथे बारा गेम होते, आणि अग्निबाण जोडून अवकाशात सोडण्याचा ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा त्यांपैकी एक होता. मेक्सिकोतल्या एका लहानशा चमूने तो २०१५ साली रीतसर पूर्ण केला आणि तो आजही आवडीने खेळला जातो. त्याचाच दुसरा भाग, मोठ्या प्रकाशकाच्या पाठबळाने, फेब्रुवारी २०२३मध्ये पन्नास डॉलरला अपूर्ण अवस्थेत विक्रीस आला. परग्रहांवरील वसाहती, दूरच्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, मित्रांसह खेळण्याची सोय, असा सगळा आराखडा जाहीर झालेला होता. २०२४ साली प्रकाशकाने नोकरकपात केली, गेम बनवणारी संस्था बंद पडली आणि त्या तीन गोष्टींपैकी एकही आली नाही. विक्री मात्र त्यानंतरही चालूच राहिली. नाव तेच, मंच तोच, आणि ज्याच्या गाठीला पैसा होता त्याचाच गेम अर्ध्यावर राहिला.

सर्वांना सरसकट पैसे परत मिळाल्याचे एक उदाहरण मला आठवते, ते ‘द डे बिफोर’चे. तो ७ डिसेंबर २०२३ रोजी विक्रीस आला आणि चारच दिवसांत निर्मात्यांनी दुकान बंद करत असल्याचे जाहीर केले. आपल्या निर्मात्यांनी तसे काहीच जाहीर केलेले नाही, ते नुसते गप्प आहेत. अशा गप्प बसण्यावर २०२५च्या आरंभापासून स्टीमने एवढा उपाय केला आहे, की फार काळ अपडेट न आलेल्या गेमच्या चौकटीत शेवटचा अपडेट किती महिन्यांपूर्वी आला हे दिसू लागते.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. ‘आत्ता घेतला तर स्वस्त पडेल, पूर्ण झाला की किंमत वाढेल,’ असे म्हणून तो एक अपूर्ण गेम मागतो आहे. त्याचे म्हणणे खरे मानावे का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : मुलगा खोटे बोलत नाही. ‘माइनक्राफ्ट’ २००९पासून अपूर्ण स्थितीतच विकला जात होता. आरंभीच्या अवस्थेत त्याची किंमत सुमारे दहा युरो होती, पुढच्या टप्प्यात पंधराच्या आसपास झाली आणि २०११च्या नोव्हेंबरमध्ये तो पूर्ण झाला तेव्हा वीसपर्यंत पोचली. उलट ‘बाल्डर्स गेट ३’ पहिल्या दिवसापासून पूर्ण किमतीलाच विकला गेला, आणि ज्यांनी ऑक्टोबर २०२०मध्ये तो घेतला त्यांना कथेचा फक्त पहिला अंक खेळून जवळजवळ तीन वर्षे थांबावे लागले. शिवाय पूर्ण झालेले गेमही वर्षा-दोन वर्षांत सवलतीच्या सेलमध्ये येतात, ही गोष्ट मुले सोयीस्करपणे सांगायची विसरतात.

म्हणून किंमत वाढेल की उतरेल हा हिशेब बाजूला ठेवावा आणि मुलाला एवढेच विचारावे, की यापुढे या गेममध्ये काहीही नवे आले नाही तरी तुला तो हवा आहे का. उत्तर ‘हो’ आले, तर एखाद्या रविवारी दुपारी त्याच्या शेजारी बसून त्या गेमचे पान उघडावे. अपडेटची यादी बघावी. तारखा दर पाच-सहा आठवड्यांच्या असतील तर ठीक, आणि चार-चार महिन्यांची भगदाडे असतील तर विचार करावा. अभिप्राय वाचताना एकूण टक्केवारीकडे न पाहता मागच्या तीस दिवसांचे अभिप्राय निराळे दाखवलेले असतात ते वाचावेत, कारण निर्माते ढेपाळले की त्याची पहिली खूण तेथेच उमटते. घेतल्यावर, पैसे परत मागण्याची मुभा असते ते पहिले दोन तास काटेकोरपणे खेळावेत. गेम चालू ठेवून मुलगा जेवायला उठला, तर ती वीस मिनिटेही त्या दोन तासांत मोजली जातात. आमच्या घरी हा धडा पैसे देऊन शिकून झालेला आहे.

प्रश्न : एका अपडेटनंतर माझी चाळीस तासांची सेव्ह फाइल (खेळ जेथवर आला त्याची साठवलेली नोंद) उघडेनाशी झाली. ती परत मिळेल का? (नाशिक)

उत्तर : बहुधा मिळू शकेल. स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘बीटाज’ असा विभाग असतो. निर्मात्यांनी जुनी आवृत्ती तेथे ठेवली असेल तर ती निवडून आपली फाइल उघडून पाहावी. मात्र गेम पूर्ण होताना जुन्या सेव्ह रद्द होणे नेहमीचेच आहे. ‘बाल्डर्स गेट ३’च्या अपूर्ण आवृत्तीतील सेव्हही अंतिम आवृत्तीत चालल्या नाहीत. यापुढे मोठ्या अपडेटपूर्वी सेव्हचा फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवावा.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर इतरांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. संध्याकाळी अपूर्ण गेम विकत घेऊन तेच काम मी पैसे देऊन का करावे?

उत्तर : करू नये, असे आपल्या व्यवसायाचा विचार करता मी म्हणेन. खेळणाऱ्यांकडून फुकटात तपासणी करून घेण्याची ही रीत काही निर्मात्यांनी आळसापोटी वापरली आहे, यात शंका नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की चुका सापडणे हा या व्यवहाराचा लहान भाग आहे. लोक प्रत्यक्षात कसे खेळतात हे दिसणे हा मोठा. ‘हेडीज’ डिसेंबर २०१८पासून सप्टेंबर २०२०पर्यंत लोकांच्या हातात अपूर्णच होता, आणि त्या काळात शस्त्रे, शत्रू आणि संवाद टप्प्याटप्प्याने भरत गेले. ‘बाल्डर्स गेट ३’च्या निर्मात्यांनी तर खेळणाऱ्यांनी आपापल्या पात्रासाठी सर्वाधिक निवडलेले चेहरे, केस आणि वंश एकत्र करून पाहिले, तेव्हा शिंगे, शेपट्या आणि राक्षसी डोळे उपलब्ध असूनही त्यातून चारचौघांसारखा एक साधा माणूस तयार झाला, आणि त्यांनी ती निराशा गमतीने जाहीरही केली. अशी माहिती कार्यालयात बसलेल्या दहा टेस्टरांकडून मिळत नाही.

उद्या आपल्याला एखाद्या गेमचा मोह झालाच, तर आपल्यासारख्यांच्या एका नोंदीला इतरांच्या पन्नास नोंदींचे मोल असते. ‘गेम बंद पडतो’ असे शेकडो जण लिहितात. आवृत्तीचा क्रमांक, ग्राफिक्स कार्ड, आणि ‘पावसाळा चालू असताना कोठाराचे दार उघडले की प्रत्येक वेळी बंद पडतो’ असे एक वाक्य, सोबत सेव्ह फाइल, एवढे हाती आले तर निर्मात्याला तीच चूक आपल्या संगणकावर पुन्हा घडवून पाहता येते.