आजी त्याच, पण दोन सुपरवायझरांचे दोन हिशोब

प्रश्न : आमचा घरपोच मावशी आणि नर्स पुरवणारा ब्युरो आहे. एकाच आजींना पाहून एक सुपरवायझर 12 तासांची मावशी सुचवते, तर दुसरी 24 तासांची नर्स. घरचे गोंधळतात. सगळ्यांची पाहणी एकाच मापाने व्हावी यासाठी काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या फॉर्मवर ‘चालणं : बरं / मध्यम / कठीण’ असे रकाने असतील तर भांडणाचं मूळ तिथेच आहे. एकीचं ‘मध्यम’ ते दुसरीचं ‘कठीण’. नवीन फॉर्म बनवत बसू नका. माणूस रोजची कामं किती स्वतः करतो ते गुणांत मोजणारा, 1965 साली प्रसिद्ध झालेला बार्थेल इंडेक्स आजही जगभर वापरात आहे. त्यात जेवण, अंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे, शौचावरचा ताबा, लघवीवरचा ताबा, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत बसणं, चालणं आणि जिना अशा 10 बाबी आहेत. गुण 5-5 च्या टप्प्यांनी, एकूण 100; जितके जास्त तितका माणूस स्वावलंबी. याचीच 20 गुणांची आवृत्तीही फिरते. ब्युरोत दोन्ही असतील तर एक फाडून टाका, नाहीतर 18 गुणांचे आजोबा कोणाला ठणठणीत वाटतील, तर कोणाला अंथरुणाला खिळलेले.

सगळ्यात जास्त चुकणारा नियम असा : माणूस काय *करू शकेल* ते नव्हे, गेल्या 24 ते 48 तासांत प्रत्यक्ष काय *करतो* ते लिहायचं. (शौच-लघवीसाठी मागचा आठवडा धरा.) मुलगा म्हणतो, “बाबा स्वतः अंघोळ करतात,” पण सून बाथरूमच्या दारात उभी असते. नुसती देखरेख लागली तरी ती मदतच, म्हणून अंघोळीचे 0. याउलट काठी किंवा वॉकर घेऊन कोणाच्याही आधाराशिवाय किमान 50 यार्ड (सुमारे 45 मीटर) चालणाऱ्याला चालण्याचे पूर्ण 15. साधन वापरलं म्हणून गुण कापू नका.

आपल्या घरांतल्या गोष्टी मूळ सूचनांमध्ये नाहीत. पोळी कुस्करून द्यावी लागली आणि पुढे हाताने स्वतः खाल्ली, तर जेवणाचे 10 की 5? 5 द्या, कारण मूळ इंडेक्समध्ये अन्न कापून द्यावं लागलं तरी 5च मिळतात. भारतीय संडासातून उठताना कोणी हात दिला, तर संडासच्या वापराचे 5. असे निर्णय एका पानावर लिहून प्रत्येकीच्या बॅगेत ठेवा. गुणांची रचना मात्र बदलू नका, नाहीतर हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावरच्या गुणांशी तुमचे जुळणार नाहीत.

मग दहाएक घरी दोघींना एक-दोन दिवसांच्या अंतराने वेगवेगळं पाठवा आणि कागद शेजारी ठेवा. बेरीज पाहू नका, ती दोन उलट चुकांनीही जुळते. बाब-बाब तपासा. फरक बहुधा बसण्या-उठण्यात आणि कपड्यांत सापडतो. पाहणीला दुपारी आलेली सुपरवायझर सकाळी साडी कोण नेसवतं ते पाहतच नाही, ते विचारूनच घ्यावं लागतं.

आता तासांचं. ‘50 च्या खाली म्हणजे 24 तास’ असा तक्ता करू नका. लघवीवर ताबा नसलेल्या आजी आणि जिना न चढणारे आजोबा यांची बेरीज सारखी येऊ शकते, त्यांच्या रात्री सारख्या नसतात. जपानच्या दीर्घकालीन काळजी विम्यात (2000 पासून) 74 बाबींची पाहणी होते, संगणक काळजीला लागणाऱ्या वेळेचा अंदाज काढतो, आणि त्यानंतरही डॉक्टरांचं मत समोर ठेवून तज्ज्ञांची समिती श्रेणी ठरवते. म्हणून रात्री किती वेळा उठावं लागतं, हा प्रश्न वेगळा विचारा. विसरभोळेपणाही वेगळा तपासा : 95 गुणांचे आजोबा गॅस चालू ठेवून घराबाहेर पडत असतील, तर बार्थेलला ते दिसत नाही. अंथरुणावरच्या पेशंटसाठी ब्रेडन स्केल जोडा. 23 पैकी 18 किंवा त्याहून कमी आले, तर बेडसोरचा धोका धरा.

प्रश्न : एकदा केलेली पाहणी किती दिवस चालते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दर तीन महिन्यांनी नव्याने करा. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर, पडल्यावर, कॅथेटर बसवला किंवा काढला तर लगेच करा. कॅथेटर स्वतः सांभाळता येत नसेल तर लघवीच्या ताब्याचे 0 गुण. पिशवीमुळे अंथरूण कोरडं राहतं, म्हणून इथे पुष्कळदा चुकून 10 दिले जातात.