मुलांच्या संघाची प्रशिक्षक राहावे का? : एका पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे आठ पानी पत्र मिळाले. वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आधी त्याचा आशय थोडक्यात सांगते. तुमचे वय 24 आहे, तुम्ही बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी पूर्ण केली आहे आणि विद्यापीठाच्या महिला संघाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेल्या आहात. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, आधीचे प्रशिक्षक सोडून गेल्यावर, शाळेने 17 वर्षांखालील मुलांचा व्हॉलीबॉल संघ मानधनावर तुमच्याकडे सोपवला, त्याला आता सव्वा वर्ष होत आले. पहिले काही आठवडे मुले तुमची सूचना मान खाली घालून ऐकत आणि मग आपल्याच पद्धतीने खेळत. दोघांनी येणेच बंद केले. एका पालकाने मुख्याध्यापकांना ‘पोरांना बाई काय शिकवणार?’ असे विचारले. पुढे संघ जमला, तालुक्यात जिंकला आणि जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात निर्णायक सेट 12-15 असा गमावला. आता वडिलांचे म्हणणे आहे की हौस झाली, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू करावा, आणि खेळातच राहायचे असेल तर निदान मुलींचा संघ घ्यावा. प्रशिक्षणाला करिअर म्हणता येईल का, मुलांचा संघ सोडावा का आणि पुढे कोणते शिक्षण घ्यावे, हे तुमचे तीन प्रश्न आहेत.

या प्रश्नांकडे वळण्याआधी मला तुमच्या पत्रातील गुडघ्याच्या प्रसंगाबद्दल लिहायचे आहे, कारण तुम्ही तो चार ओळींत उरकला आहे आणि माझ्या मते सगळ्या पत्रात तोच सर्वात महत्त्वाचा आहे. संघातील सर्वात उंच मुलगा गुडघ्याच्या वाटीखाली दुखते म्हणत होता. वर्षभरात त्याची उंची झपाट्याने वाढली होती. तुम्ही त्याला डॉक्टरांकडे पाठवले, तीन आठवडे उड्या पूर्ण बंद केल्या आणि त्या काळात त्याला केवळ सर्व्हिस रिसीव्ह करण्याचा व उभ्याने पास देण्याचा सराव दिला. मुलगा रुसला, वडील चिडले आणि स्पर्धा तोंडावर असतानाही तुम्ही निर्णय बदलला नाही. वाढीच्या वयात हाडे भराभर लांबतात, मांडीच्या स्नायूंचा ताण नडगीच्या वरच्या टोकावर येतो आणि सतत उड्या मारणाऱ्या मुलांना नेमके तिथेच दुखू लागते. अशा वेळी उड्यांचा भार कमी करावा लागतो. ‘थोडे सहन कर’ असे सांगणारा प्रशिक्षक त्या दिवसापुरता लोकप्रिय होतो आणि मुलाचे नुकसान करतो. तुमच्या निर्णयाने मुलगा सामन्याला उभा राहिला, एवढेच नाही तर त्याचा पास सुधारला, असे तुम्हीच लिहिले आहे. 24 व्या वर्षी, मागे कोणी ज्येष्ठ उभे नसताना घेतलेला हा निर्णय पाहून तुमच्यात प्रशिक्षकाची जाण आहे याबद्दल माझी खात्री पटली.

आता ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटते तिच्याबद्दल. पुरुषांच्या खेळात जाळी 2.43 मीटरवर असते आणि स्त्रियांच्या खेळात 2.24 मीटरवर. तुम्ही आयुष्यभर कमी उंचीच्या जाळीवर खेळलात, म्हणून मुलांना बचावाचा सराव देताना टेबलावर उभे राहून फटके मारावे लागतात आणि सुरुवातीला मुले त्यावर हसली. परंतु टेबलावर किंवा खोक्यावर उभे राहून फटके मारणे ही जगभरच्या प्रशिक्षकांची रोजची पद्धत आहे, मग ते सहा फूट उंचीचे माजी खेळाडू असले तरी; कारण शेकडो चेंडू एकाच उंचीवरून, हव्या त्याच जागी टाकायचे तर उड्या मारून ते साधत नाही. प्रशिक्षकाने खेळाडूपेक्षा जोरात स्मॅश मारला पाहिजे ही समजूत मुलांची आहे, आणि मला काळजी वाटते ती ही की काही अंशी ती तुमचीही झाली आहे. तुम्ही ज्या खेळात वाढलात त्यात रॅली लांब चालते, जमिनीलगतचा बचाव आणि पहिला पास यांवर सामने फिरतात. तुमच्या मुलांना, विशेषतः शूटिंग बॉल हा व्हॉलीबॉलच्या जवळचा पण वेगळा खेळ खेळत मोठ्या झालेल्या मुलांना, नेमके हेच येत नव्हते. ती मुले तुमचे ऐकू लागली ती तुम्ही कडक झालात म्हणून नव्हे. त्यांचा पहिला पास सेटरच्या, म्हणजे फटक्यासाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूच्या, हातात पडू लागला आणि त्यामुळे त्यांना स्वतःचे फटके मनासारखे मारता येऊ लागले, म्हणून.

उणे कुठे आहे तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. मुलांच्या खेळात जंप सर्व्हिस आणि जाळीजवळचे झटपट हल्ले यांना फार महत्त्व आहे, आणि ब्लॉकची, म्हणजे जाळीवर हात उंचावून फटका अडवण्याची, रचना तुम्ही खेळलात त्याहून वेगळ्या वेगाने करावी लागते. तो अभ्यास तुम्हाला मुद्दाम करावा लागेल. अंतिम सामन्याबद्दल तुम्ही लिहिता की ‘माझ्या जागी एखादे सर असते तर ओरडून मुलांना सावरले असते.’ तुमच्याच वर्णनानुसार मात्र बाजू बदलण्याआधी, म्हणजे कोणाचेही 8 गुण होण्याआधी, तुमचे दोन्ही टाइम-आउट संपलेले होते. पुढे एकाच रोटेशनमध्ये, म्हणजे मैदानावरील सहा खेळाडूंच्या जागांच्या एकाच क्रमात, सलग चार गुण गेले तेव्हा खेळ थांबवायला 30 सेकंदही हाताशी उरले नव्हते, आणि खेळाडू बदलण्याचा मार्ग शिल्लक असूनही तो तुम्हाला सुचला नाही. ही अननुभवाची चूक आहे, बाई असण्याची नाही. पुरुष प्रशिक्षकही पहिल्या मोठ्या सामन्यात हीच चूक करतात. मागच्या सर्व सामन्यांचे गुणपत्रक घेऊन बसा आणि सहा रोटेशनपैकी कोणत्या रोटेशनमध्ये किती गुण मिळाले व किती गेले हे मांडा; ओरडण्यापेक्षा हे कागद जास्त उपयोगी पडतील.

करिअरच्या दृष्टीने मूळ प्रश्न मुलगे की मुली असा नाही. तुम्हाला क्रीडाशिक्षक व्हायचे आहे की प्रशिक्षक, हे आधी ठरवावे लागेल. आपल्याकडे हे दोन शब्द सर्रास एकासाठी एक वापरले जातात, पण वाटा वेगळ्या आहेत. बी.पी.एड. ही शिक्षकाची पात्रता आहे. अनुदानित शाळांतील भरती अभियोग्यता चाचणी आणि शासनाचे शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल यांच्या मार्गाने होते, जागा मोजक्या असतात आणि नेमणूक झाली तरी वेळापत्रक, शिस्त, संचलन, इतर खेळ हे सारे सांभाळावे लागते. प्रशिक्षकासाठी देशात सर्वाधिक मान्यता असलेली पात्रता म्हणजे पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, जिला सगळे ‘एन.आय.एस.’ म्हणतात. ही संस्था 1961 मध्ये स्थापन झाली. पदविकेच्या प्रवेशासाठी पदवीबरोबर खेळातील सहभागाची प्रमाणपत्रे लागतात, आणि तुमचे आंतरविद्यापीठ सहभागाचे प्रमाणपत्र तिथे उपयोगी पडेल. त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. माझा सल्ला असा की पुढच्या प्रवेशप्रक्रियेत पदविकेसाठी अर्ज करावा आणि ती संधी हुकली तरच सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने सुरुवात करावी. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाचे प्रशिक्षकांसाठी तीन स्तरांचे अभ्यासक्रम असतात. त्यांतील पहिल्या स्तराचा विचार पदविकेनंतर करता येईल.

या पात्रतेनंतर पुढे काय, हे वडिलांना दाखवता यावे म्हणून लिहिते. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयात क्रीडा अधिकारी आणि क्रीडा मार्गदर्शक अशी पदे आहेत. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत, भारतीय खेळ प्राधिकरणाची केंद्रे आहेत, 2018 पासून देशपातळीवर चालू असलेल्या खेलो इंडिया योजनेतील केंद्रे आहेत, आणि मोठ्या शहरांतील निवासी शाळा व खाजगी अकादमी पूर्णवेळ प्रशिक्षक नेमतात. यांपैकी बऱ्याच जागा कंत्राटी असतात, ही वस्तुस्थिती वडिलांपासून लपवू नका. स्पर्धा परीक्षेचा त्यांचा आग्रहही निराधार नाही. जाहिरात निघाली तर क्रीडा अधिकाऱ्याच्या पदासाठी तुम्ही अवश्य अर्ज करावा. परंतु संघ सोडून, दोन-तीन वर्षे फक्त अभ्यासिकेत बसून सर्वसाधारण पदांची तयारी करणे तुमच्या बाबतीत मला योग्य वाटत नाही, कारण जी पात्रता आणि जो अनुभव आज तुमच्या हातात आहे तो त्या काळात शिळा होईल.

मुलांचा संघ सोडावा का? वडिलांना काळजी वाटते म्हणून किंवा लोक बोलतात म्हणून सोडू नये. हाँगकाँगमध्ये चॅन युएन-टिंग या 27 वर्षांच्या तरुणीने 2016 मध्ये ईस्टर्न या पुरुषांच्या फुटबॉल संघाला तिथल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवून दिले. टेनिसमध्ये 2014 ते 2016 या काळात अँडी मरेची प्रशिक्षक अमेली मोरेस्मो होती. अशी उदाहरणे अजूनही थोडीच आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्त्री प्रशिक्षकांचे प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास होते, आणि त्यांतील बहुतेक जणींकडे स्त्रियांचेच संघ व खेळाडू असतात. म्हणूनच तुमच्या सव्वा वर्षाचे मोल अधिक आहे. मुलींचा संघ घ्यायचा झाला तर तो जरूर घ्या, पण या संघाबरोबर आणि वेगळ्या वेळेत. तुमच्या शाळेत मुलींचा संघच नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. तो उभा करण्याचा प्रस्ताव तुम्हीच मुख्याध्यापकांना द्यावा असे मला मनापासून वाटते.

मात्र काही गोष्टींची लेखी व्यवस्था पुढच्या स्पर्धेआधी झालीच पाहिजे. मुक्कामी स्पर्धेला संघासोबत एक पुरुष शिक्षक व्यवस्थापक म्हणून असावा, तुमच्या राहण्याची सोय स्वतंत्र असावी आणि कपडे बदलण्याच्या खोलीत मुलांना काही सांगायचे असेल तर त्यांना आधी बाहेर बोलवावे. एखाद्या मुलाशी एकट्याशी बोलायचे झाल्यास मैदानावर, इतरांच्या नजरेसमोर बोलावे, आणि मोबाइलवरील सूचना पालक असलेल्या गटावरच द्याव्यात. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा 2012 चा कायदा मुलग्यांनाही लागू आहे आणि असा प्रकार कळल्यास तो पोलिसांना कळवण्याची जबाबदारी प्रशिक्षकावरही येते, हे तुम्हाला माहीत असायला हवे. त्याचबरोबर कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचे ठिकाण यांचा स्पष्ट समावेश आहे. दुसऱ्या संघाच्या एका प्रशिक्षकाने सामन्यानंतर तुमच्याबद्दल जे शब्द वापरले, ते तारीख, वेळ व साक्षीदारांसह आजच लिहून ठेवा आणि शाळेला लेखी कळवा. ते सहन करणे हा या कामाचा भाग नाही.

मानधनाबद्दल तुम्ही संकोचाने लिहिले आहे. मुख्याध्यापकांकडे नेमणुकीचे पत्र मागा. त्यात पदाचे नाव ‘व्हॉलीबॉल प्रशिक्षक’, वयोगट, कालावधी आणि आठवड्याचे तास असावेत. मानधन लगेच वाढले नाही तरी हे पत्र हवेच, कारण पुढे कोणत्याही मुलाखतीत तुमचे सव्वा वर्ष तोंडी सांगून कोणी धरणार नाही. त्यासोबत सरावाची नोंदवही, स्पर्धांचे निकाल आणि प्रत्येक मुलाची सुरुवातीची व आताची उंची, उडी व पासची अचूकता एका फाइलमध्ये लावा.

वडिलांशी बोलण्याआधी त्यांना एकदा सकाळच्या सरावाला घेऊन जा. तुमच्या पत्रावरून दिसते की सव्वा वर्षात ते मैदानावर एकदाही आलेले नाहीत, आणि ज्या पालकाने ‘बाई काय शिकवणार’ असे विचारले होते ते आता रोज कुंपणाशी उभे राहून सराव पाहतात. त्या दोघांची भेट घडवून आणा. पदविकेची जाहिरात आली की अर्जाचा मसुदा आणि ती फाइल घेऊन माझ्याकडे या. अर्ज आपण मिळून तपासू.