जुन्या कादंबऱ्या अजून का वाचायच्या? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कोकणातल्या वाचकांनी जुन्या कादंबऱ्यांविषयी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत. पुस्तकं सांभाळण्याविषयीचा एक प्रश्न पावसाळा तोंडावर आल्यामुळे मुद्दाम घेतला आहे.

मुलगी अकरावीत आहे. तिला 'पण लक्षात कोण घेतो!' वाचायला दिली, तर म्हणते, "आता केशवपनही नाही आणि बालविवाहाला कायद्याने बंदी आहे. मग मी हे का वाचू?" तिला काय सांगावं? — एक वाचक, दापोली

विषयाबद्दल ती म्हणते ते बरोबर आहे. शारदा कायदा १९२९ सालीच झाला. पण नुसत्या विषयाच्या जोरावर कादंबरी टिकत नाही, आणि हे आपल्याच साहित्यात पडताळून बघता येतं. विधवांचे हाल हाच विषय घेऊन बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान मोठा. तरी आज ते उघडतात ते बहुतेक अभ्यासकच. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. दुःख तेच, पण ही अजून लोक आपणहून वाचतात.

फरक आहे तो गोष्ट कोण सांगतं याचा. पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दैना बघते, आणि मग त्यावर बोलणं होतं. वाचक सगळं बाहेरून ऐकतो. आपट्यांनी मात्र गोष्ट त्यांच्या नायिकेच्या, यमूच्याच तोंडी दिली, तीही अगदी लहानपणापासून. मोठ्यांचे आवाज चढलेले तिला ऐकू येतात, पण त्यामागचं कारण तिला कळत नाही. आपल्याला कळतं. तिच्यापेक्षा आपल्याला चार गोष्टी जास्त ठाऊक असतात आणि तरी आपण तिला सावध करू शकत नाही. पान उलटायला लावते ती ही घालमेल. तिला कायद्याची मुदत नसते.

मुलीला एक प्रयोग करायला सांगा. कुठलंही एक पान घ्यावं आणि 'मी'च्या जागी 'ती' घालून मोठ्याने वाचावं. प्रसंग तेच राहतात, पण यमूचा भाबडेपणा जातो आणि पान वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं कोरडं होतं. हीच कसोटी 'पडघवली'ला लावून बघा. गो. नी. दांडेकरांनी कोकणातलं एक गाव अंबावहिनीच्या तोंडून सांगितलं आहे. स्वयंपाकघरात आणि माजघरात वावरणाऱ्या बाईला जे दिसतं, त्यातूनच गाव मोडत गेलेलं कळतं. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. एकाचं वाचून आपण ठरवलेलं मत दुसरी बोलायला लागली की डळमळतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. साप्ताहिकातून आलेली कादंबरी एका बैठकीत शंभर पानं वाचली की कंटाळवाणी वाटते. दर आठवड्याला थोडं थोडं वाचणाऱ्यांसाठी ती लिहिलेली आहे, त्यामुळे आधीच्या गोष्टीची आठवण पुन्हा पुन्हा करून दिली जाते. रोज दोन प्रकरणं पुरेत. सुरुवातीची चाळीस पानं भाषा अडेल, ती अडू द्यावी. तिथे कोश काढून बसलात तर वाचन तिथेच थांबेल.

जुनं आहे म्हणून सगळंच पचलं पाहिजे असं मात्र नाही. वा. म. जोशींच्या 'रागिणी'तल्या (१९१५) तात्त्विक चर्चा आज जड जातात, त्या ओलांडून पुढे गेलात तरी पाप लागणार नाही. त्यांचीच 'इंदू काळे व सरला भोळे' (१९३४) पत्रांतून लिहिलेली आहे आणि आजही कितीतरी सहज वाचली जाते.

'तुंबाडचे खोत' दोनदा सुरू केली. पहिल्या खंडातच माणसांचा गोंधळ होतो आणि पुस्तक खाली ठेवलं जातं. — एक वाचक, चिपळूण

श्री. ना. पेंडशांची ही कादंबरी (१९८७) दोन खंडांची आहे आणि चार पिढ्यांची. गोंधळ न झाला तरच नवल. आपल्याकडे घरातली माणसं दादा, नाना, अण्णा अशीच ओळखली जातात, आणि प्रत्येक पिढीला आपापला दादा असतो. त्यामुळे नुसतं हाक मारायचं नाव लक्षात ठेवून भागत नाही.

हिशेबाच्या वहीचं एक पान आडवं धरून चार रकाने पाडा, पिढीला एक रकाना. माणूस पहिल्यांदा आला की हाक मारायचं नाव, खरं नाव आणि पान क्रमांक लिहा. बायकांचं माहेर कळलं तर तेही टिपा, कारण पुढची बरीच भांडणं तिथूनच येतात. कोण कुणाचा देणेकरी आहे ते बाणाने दाखवा. वंशावळ तयार मिळाली तरी ती आधी बघू नका, कोण मेलं आणि कुणाचा वंश खुंटला हे तिच्यात आधीच कळून जातं. पेन्सिलच वापरा. पहिल्या शंभर पानांत खाडाखोड होणारच.

दुसरी अडचण खोतीची. तुमच्या आजोबांना ती सांगावी लागली नसती. खोत गावचा शेतसारा जमीन कसणाऱ्या कुळांकडून वसूल करून सरकारात भरायचा, आणि सरकार व कूळ यांच्यामधली ही जागा हेच त्याचं बळ. अर्धेलीच्या जमिनीत निम्मं पीक त्याच्या घरी जायचं. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. एवढं माहीत असलं की एखादं कूळ खोताच्या पुढ्यात का गप्प उभं राहतं, आणि पुढच्या पिढीतला खोत रिकाम्या वाड्यात एवढा ताठ का वागतो, हे वेगळं समजावून घ्यावं लागत नाही.

तुम्ही चिपळूणचे, म्हणजे खेडची जगबुडी नदी तुम्हाला लांब नाही. पुस्तकातलं तुंबाड तिच्याच काठी आहे. गाड्यांनी वाहता महामार्ग डोक्यातून काढून टाकलात तर उत्तम.

'श्यामची आई' सिनेमा अनेकदा पाहिलाय. आता पुस्तक वाचून वेगळं काय मिळेल? — एक वाचक, मालवण

सिनेमात आपण आई आणि श्याम यांच्याकडे बघतो. पुस्तकात मोठा झालेला श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगतो, अशा ४२ रात्री. घडलं ते लहान मुलाच्या बाबतीत, आणि सांगतोय आई गमावलेला प्रौढ माणूस. हे अंतर पडद्यावर तितकं उतरत नाही. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. रात्रीला एक रात्र, एवढंच वाचा. सलग वाचलं तर डोळ्यांत पाणी आणण्याचे प्रसंग एकावर एक येतात आणि मन निबर होतं.

टॉलस्टॉय, दस्तयेव्स्की मराठीत वाचायचे आहेत. वाचनालयात जाडही प्रती आहेत आणि पातळही. कुठली घ्यावी? — एक वाचक, अलिबाग

पातळ प्रत म्हणजे बहुधा संक्षेप. मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं नसलं तर आतल्या पानावर 'अनुवाद', 'रूपांतर' की 'संक्षिप्त' ते बघा, आणि मग भाग मोजा. 'ॲना कॅरेनिना'चे आठ भाग आहेत. 'क्राइम अँड पनिशमेंट'चे सहा आणि वर उपसंहार. 'वॉर अँड पीस'ची प्रकरणं ३६१, म्हणजे रोज एक वाचलं तर वर्षाच्या आत संपेल, आणि बरीचशी तर चहा निवेपर्यंत वाचून होतात. दोनशे पानांत यातलं काहीही पूर्ण मावत नाही. संक्षेपात घटना शाबूत राहतात. कापला जातो तो माणसांचा मनातला विचार. 'क्राइम अँड पनिशमेंट'मधल्या रास्कोल्निकॉव्हने खून केला एवढंच हाती लागतं, त्याच्या डोक्यात फिरत राहिलेलं सगळं निसटतं.

रशियन माणसाला नाव, वडिलांवरून आलेलं नाव आणि आडनाव असतं, शिवाय लाडाचं नाव वेगळं. रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकॉव्ह, घरात रोद्या. पुठ्ठ्याची खूणपट्टी करून तिच्यावरच ही नावं लिहून ठेवा. दरवेळी मागची पानं चाळायला लागत नाहीत.

आजोबांच्या जुन्या कादंबऱ्यांना पावसात बुरशी येते. उन्हात वाळवल्या तर पानं वेडीवाकडी झाली. — एक वाचक, गुहागर

थेट ऊन देऊ नका. बांधणी आखडते आणि आधीच पिवळा पडलेला कागद ठिसूळ होतो. ओल्या फडक्यानेही पुसू नका, बुरशी कागदात आणखी खोल जाते. पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उलगडा आणि सावलीत, विजेच्या पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा. बुरशी भुकटीसारखी कोरडी झाली की नाकाला फडकं बांधून, अंगणात वाऱ्याकडे पाठ करून मऊ ब्रशने ती झाडा, शिवणीकडून बाहेर. घरात झाडलीत तर तीच बुरशी शेजारच्या पुस्तकांवर बसेल.

हवेत आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे चार महिने तेच असतं. पावसाचा मारा घेणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नका. दुसऱ्या भिंतीपासूनही दोन-तीन इंच पुढे ठेवा. पुस्तकं ठासून भरू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच घालू नका, आतली ओल आतच राहते. डांबराच्या गोळ्यांनी फार तर किडे दूर राहतील, बुरशीला त्यांचं काही नाही. काचेचं बंद कपाट असेल तर वाटीत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की ते ओलीने भरले असं समजा आणि गरम करून पुन्हा वापरा. पावसाळा संपेपर्यंत महिन्यातून एकदा प्रत्येक पुस्तक बाहेर काढून पानं फडफडवा.