मसाल्याला नाव ठेवण्याआधी

ताई, सांगलीची हळद-मसाले जर्मनीला पाठवताय, झकास! फक्त पाऊचवर ‘जिप्सी’ छापायची घाई नको. आपल्याला त्यात भटकंती, मोकळेपणा दिसतो. तिथं ज्यांना हा शब्द लावला जातो, त्या रोमा समाजातल्या अनेकांना मात्र तो हिणवणारा वाटतो. नाझींनी त्यांची कत्तल केली, त्या जखमा अजून ओल्या आहेत. ‘क्नोर’ या खाद्यपदार्थांच्या कंपनीनं २०२० मध्ये जर्मनीतल्या आपल्या सॉसचं असलंच नाव बदललं.

सुरुवातीला एवढंच:

- माल जिथं जाणार, तिथल्या दोघा-तिघांना हे नाव कसं वाटतं ते विचारा. तिथं राहणाऱ्या मराठी नातेवाइकावर भागवू नका. नवे लोक इथंच चुकतात.
- लोगोत कुठल्याही जमातीचा चेहरा नको.

ट्रेडमार्कचं नंतर बघू. पाऊचच्या छपाईचा सिलिंडर (साचा) बनवायला टाकण्याआधी हे उरका. तुमच्या गावाचं नाव द्या की, छान दिसेल!