१९७२ पासून सुरुवात कर

प्रोग रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, ऐकायचंय ना, मग १९७२ हेच वर्ष धर. आधी येस या बँडचा ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम, त्यातलं त्याच नावाचं पहिलं गाणं. पाण्याची खळखळ, पाखरांची किलबिल आणि मग सगळा बँड एकदम अंगावर येतो. पहिल्यांदा गोंधळशील, थांबू नकोस. मला तर त्या गुंतागुंतीच्या ठेक्यात आपल्या सोलापूरच्या मागांची खटखट ऐकू येते, दहा धोटे एकदम पळावेत तशी. तिसऱ्या-चौथ्या वेळी वीण दिसायला लागते. हे एकटं गाणंच अठरा मिनिटांच्या वर आहे, तुकडे करून ऐकू नकोस.

मग जेनेसिस बँडचा ‘फॉक्सट्रॉट’ अल्बम, त्यातलं ‘सपर्स रेडी’ तेवीस मिनिटांचं. जेथ्रो टल बँडचा ‘थिक ॲज अ ब्रिक’ सावकाश घे. रात्री, ऊन उतरल्यावर, गच्चीवर हेडफोन लावून बस.