स्क्रिप्ट वाटण्याआधी

द्राक्ष बागायतदारांसाठी तू लिहिलेली घाऊक ईमेल पाठवायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, सगळ्यांना खुली वाटायची आहे ना? जरूर वाट, पण जशीच्या तशी नको. पाठवणाऱ्याचा पत्ता दर मेलला बदलणारा आणि वेबसाइटवरून पत्ते गोळा करणारा भाग आधी काढून टाक. पिंपळगावच्या निर्यातदाराचं त्यावाचून काही अडत नाही. तो लागतो स्पॅमवाल्यालाच. एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या खुणा) तपासल्याशिवाय मेल सुटूच नये. एका क्लिकमध्ये यादीतून नाव काढायची सोय कायम चालू ठेव. दिवसाला ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने २०२४ मध्ये तीही सक्तीची केली. कोड उघडा असला की कुणीही या अटींची ओळ खोडेल, खरंय. तरी डीफॉल्ट, म्हणजे मूळ सेटिंग, तू ठरवतोस, आणि बरेच जण त्याला हातही लावत नाहीत. "यादी विकत घेतलीय, कशी टाकू?" असं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हण.