बीआरसीए रिपोर्ट, नाकारलेला क्लेम आणि अर्जातला एक प्रश्न

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. आईला अंडाशयाचा कर्करोग झाला होता, मावशीला स्तनाचा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ताईंनी 2022 मध्ये जनुकीय तपासणी केली आणि बीआरसीए-1 या जनुकात दोष निघाला. 2023 च्या सुरुवातीला त्यांनी आरोग्य विमा काढला. अर्ज एजंटने भरला, ताईंनी सही केली. पुढे स्तनात गाठ सापडली, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. कंपनीने ‘महत्त्वाची माहिती दडवली’ आणि ‘आजार जनुकीय आहे’ अशी दोन कारणं देऊन क्लेम नाकारला. नकाराच्या त्या पत्राला आता चौदा महिने झाले. ताई विचारतात, ‘जनुकीय आजार म्हणून क्लेम नाकारता येत नाही असा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आहे ना? मग केस टाकली तर पैसे मिळतील ना? आणि धाकट्या बहिणीने तपासणी करावी का?’

थॅलेसेमियाचं मूल असलेले आईवडील, हृदयाच्या स्नायूंचा आनुवंशिक विकार असलेले तरुण, सगळे हाच निकाल पुढे करतात. तो 26 फेब्रुवारी 2018 चा आहे. ‘जनुकीय विकार’ असं सरसकट म्हणून विमा नाकारणं हा राज्यघटनेच्या कलम 14 खाली भेदभाव ठरतो, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल महत्त्वाचाच आहे, पण त्या प्रकरणातली विमा कंपनी पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा सगळा भार त्या एकावर टाकू नका. शिवाय तो कंपनीच्या दुसऱ्या कारणाला लागू पडतो, पहिल्याला नाही. पॉलिसीतलं कलम अन्यायाचं आहे का हा एक प्रश्न. तुम्ही खरं सांगितलं का हा दुसरा. तुमचं घोडं या दुसऱ्या प्रश्नापाशी अडलं आहे.

म्हणून आधी प्रस्तावाचा अर्ज, म्हणजे विमा काढताना भरलेला अर्ज, हातात घ्या. तुमच्या पत्रात रुग्णालयाची बिलं आहेत, रिपोर्ट आहेत, एजंटशी झालेल्या व्हॉट्सॲप बोलण्याचे फोटो आहेत. नेमका अर्जच नाही! त्याची प्रत देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ती लेखी मागा. मिळाली की आरोग्याच्या प्रश्नांचं पान काढा. मी पाहिलेल्या बहुतेक अर्जांवर एजंटने ‘नाही’च्या सगळ्या चौकोनांतून वरपासून खालपर्यंत खुणा ओढलेल्या असतात, प्रश्न कुणी वाचलेलेच नसतात. तुम्ही मात्र आता एकेक प्रश्न शब्दन् शब्द वाचा.

‘तुम्हाला कर्करोग आहे किंवा पूर्वी झाला होता का?’ एवढंच विचारलं असेल, तर तुमचं ‘नाही’ खरं होतं. जनुकातला दोष म्हणजे कर्करोग नव्हे. बीआरसीए-1 मध्ये दोष असलेल्या बाईला स्तनाच्या कर्करोगाची शक्यता आयुष्यभरात 60 टक्क्यांच्या वर जाते, पण तो व्हायलाच हवा असं नाही. कंपनीने जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही, याला दडवणं म्हणता येणार नाही. प्रश्न मोघम असेल तर त्याचा अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावायचा आणि माहिती दडवल्याचं सिद्ध करणं कंपनीचं काम, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये महाकाली सुजाता प्रकरणात पुन्हा सांगितलं आहे. उलट ‘गेल्या काही वर्षांत कोणती तपासणी करून घेतली किंवा करायला सांगितली होती का?’ असा प्रश्न असेल आणि त्यापुढे ‘नाही’ असेल, तर तुमची बाजू फार लंगडी आहे. ‘रक्ताच्या नात्यात कुणाला कर्करोग?’ यापुढे ‘नाही’ असेल तरी तेच.

अशा वेळी ‘अर्ज एजंटने भरला’ हे उत्तर चालत नाही. न वाचता सही केली म्हणून चुकीच्या माहितीच्या परिणामांतून सुटका होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रेखाबेन राठोड प्रकरणात 2019 मध्येच स्पष्ट केलं. घरातल्या दोन बायकांना कर्करोग, हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट, आणि तरी दोन पानांचा अर्ज वाचायला दहा मिनिटं काढली नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. तुम्ही आजारपणातून जात आहात हे ठाऊक असूनही लिहितो, कारण हे वाचणाऱ्या कुणाची तरी सही अजून व्हायची असेल.

कंपनी कदाचित असंही म्हणेल की 2022 मध्ये डॉक्टरांनी दरवर्षी एमआरआय करायला सांगितलं, म्हणजे वैद्यकीय सल्ला मिळाला होता, म्हणून हा आधीपासूनचा आजार. पॉलिसीतल्या व्याख्येत ‘सल्ला’ हा शब्द असतो, त्यामुळे हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. निकाल कुठेही झुकू शकतो. पण नाकारण्याच्या पत्रात हे कारण दिलेलं नसेल तर साधारणपणे ते नंतर पुढे करता येत नाही. ते पत्र नीट वाचा.

आता मुदत. ग्राहक आयोगात जायला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 प्रमाणे दोन वर्षं असतात. त्यातले चौदा महिने तुम्ही कस्टमर केअरच्या फोनवर आणि एजंटच्या ‘बघतो मॅडम’ वर घालवलेत. फोन म्हणजे तक्रार नव्हे. या आठवड्यात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवा, पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तिथे प्रकरण असताना आयोगाची मुदत थांबते असं मात्र गृहीत धरू नका. दोन वर्षांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि केमो घेणाऱ्या माणसाला तारखांवर तारखा देणं हा छळच आहे. म्हणून आधी लोकपाल.

बहिणीबद्दल. तुमचा दोष आईकडून आला असेल तर तिच्यात तो असण्याची शक्यता निम्मी आहे. तिला सांगायचं का, हा निर्णय तुमचा. डॉक्टर साधारणपणे तुमच्या संमतीशिवाय तिला सांगू शकत नाहीत. पण तिला सांगा, असंच मी म्हणेन. तपासणी करायची की नाही हे मग तिने ठरवावं. अमेरिकेत जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा नाकारण्याला 2008 च्या कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे तिच्याकडे विमा नसेल तर तो आधी काढणं शहाणपणाचं. रिपोर्टच नसेल तर रिपोर्ट सांगायचा प्रश्न येत नाही, मात्र आई, मावशी आणि तुमच्याबद्दल विचारलं तर खरंच लिहावं लागेल. विमा काढण्यात फार दिवस जाणार असतील तर तपासणी अडवून ठेवू नका. आणि अर्ज तिने स्वतःच्या हाताने भरावा.